कोरी गाडी, शेठची गाडी

आज मी जो कोणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आईवडिलांचे उपकार आहेतच, ते कोणाला चुकत नाहीत. पण ताईवर माझ्यासाठी काही करण्याची सक्ती नव्हती. सातवीनंतर तिने शाळा सोडली आणि गावाजवळच्या भेंडीच्या मळ्यात खुडणीला जाऊ लागली. भेंडीच्या लवीने हातांना खाज सुटते. संध्याकाळी ती ओट्यावर खोबरेल तेल चोळत बसायची आणि मला म्हणायची, "वाच मोठ्यानं. माझं हात दमलं, कान नाय दमलं." दहावीपर्यंतचा माझा इतिहास आणि भूगोल तिने असा तेल चोळत ऐकला. शहापूरच्या कॉलेजला गेलो तेव्हा वसतिगृहात नेलेली पत्र्याची पेटी आणि तिच्यातले कपडे त्या भेंडीतूनच आले होते. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवीचा कागद मी सर्वांआधी तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसून तो घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "यात माझं नाव कुठं हाय रे?" ती चेष्टा करत होती. मला ती चेष्टा वाटली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा राग बराच आहे, आणि तो कोणासाठी होता हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

आमचं गाव मुरबाड आणि धसई यांच्या मधे. ताईला दिलं ते धसईच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावर, धसई सोडल्यावर थोड्याच अंतरावर, एक भातगिरणी होती. गिरणीच्या मालकाला सगळे नुसतं शेठ म्हणत. नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या पट्ट्यात लग्नाला शोभेल अशी गाडी फक्त त्याच्याकडे होती. जो शेतकरी त्याच्या गिरणीत भात घालतो, त्याच्या घरच्या लग्नाला शेठची गाडी जायची. डिझेल आपलं, ड्रायव्हरला जेवण आणि टॉवेल-टोपी. नवरी तीतून सासरी जायची. भाडं शेठ घेत नसे, म्हणून लोक त्याला दिलदार म्हणत. भरडाईत कण्या आणि कोंडा किती ठेवून घेतो, याची चर्चा मात्र कोणी करत नसे.

ताईच्या लग्नाच्या आधी पंधरवडाभर शेठच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं. पंगतीला तांदूळ तर हवा. वडिलांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग बैलगाडीत भात घालून दुसऱ्या गावच्या गिरणीत नेऊन भरडून आणला. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते लपवलंही नाही.

लग्नाच्या दिवशी शेठची पांढरी गाडी सकाळीच आली. मी आणि चुलतभावांनी तिला झेंडूच्या माळा बांधल्या, बॉनेटवर आंब्याचे डहाळे खोवले. लग्न लागलं, पंगती उठल्या. पाठवणीची वेळ झाली, ताई सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून झाली, आणि तेवढ्यात सायकलवरून गिरणीचा एक माणूस आला. तो ड्रायव्हरच्या कानाशी लागला. ड्रायव्हर वडिलांसमोर येऊन उभा राहिला.

"शेठनी गाडी बोलावलीय."

वडील म्हणाले, "पोरीला सोड आन मंग जा. वाटंतच तर हाय तुमची गिरणी."

"आत्ताच्या आत्ता बोलावलीय, मामा. मी काय करू?" आणि मग मान खाली घालून, पाठ केल्यासारखं तो म्हणाला, "शेठ म्हणलं, ज्याच्या गिरणीत भात, त्याच्या गाडीत वरात."

मंडपात कोणीतरी हसलं. वाक्य जुळून आलं होतं ना, म्हणून. मी माळा सोडायला धावलो तर ड्रायव्हर म्हणाला, "राहू दे फुलं, टाइम नाय." आमच्या झेंडूसकट गाडी निघून गेली.

ताई टेम्पोतून सासरी गेली. टेम्पो संसाराचं सामान पोचवायला आणला होता. मागे हौद्यात एका बाजूला लोखंडी पलंग, दुसऱ्या बाजूला आरशाचं कपाट, आणि मधल्या फटीत शालू नेसलेली माझी बहीण. दाजी भले. ते ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत, तिच्यासोबत मागेच उभे राहिले. पाठराखणीला मी होतो. कपाटाचा आरसा फुटू नये म्हणून ताई वाटभर त्याला हात लावून होती. पलंगाच्या कोपऱ्याला अडकून शालू फाटला, ते तिला सासरी पोचेपर्यंत कळलं नाही. टेम्पो गिरणीवरून गेला तेव्हा फाटक उघडं होतं. गाडी अंगणात उभी होती, फुलं लावलेली, आणि शेठ बाजूला खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसला होता. त्याने आम्हाला बघितलं. मी त्याला बघताना बघितलं.

वडील हे विसरले, निदान तसं म्हणायचे तरी. "मोठी माणसं हायत," म्हणायचे. मी विसरलो नाही. पुढे एसटीने ताईकडे जाताना गिरणी आली की मी खिडकीतून बाहेर थुंकायचो. शेजारचा प्रवासी बघतो आहे याचं भान असूनही थुंकायचो. अभ्यास जसा नेमाने केला तसाच हा रागही मी नेमाने सांभाळला. नोकरी लागली, लग्न झालं, शहापुरात भाड्याची खोली घेतली, आणि प्रत्येक टप्प्यावर मनात एकच चित्र होतं: ताई पुढच्या सीटवर बसली आहे, गाडी मी चालवतो आहे, आणि आम्ही त्या फाटकावरून जातो आहोत.

गाडी घेण्याइतकी ऐपत यायला दहा-बारा वर्षं गेली. मी वाशिंदच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात लागलो होतो. पतपेढीचं कर्ज मंजूर झालं तेव्हा हिशेब असा होता की त्या पैशात एकतर सगळ्यांत साधी नवी गाडी येईल, नाहीतर चार-पाच वर्षं वापरलेली मोठी, सगळ्या सोयींची.

साध्या नव्या गाडीत काही म्हणजे काहीच नव्हतं. एसी नाही, टेप नाही, काचा हाताने हँडल फिरवून वरखाली करायच्या. आरसासुद्धा एकाच बाजूला. आमचे खात्याचे साहेब म्हणाले, "नवा पत्र्याचा डबा घेण्यापेक्षा जुनी घे. एसी, पॉवर स्टिअरिंग, सगळं मिळेल. पहिल्या मालकाने किंमत पाडून ठेवलेली असते, फायदा आपला." खरेदी खात्यातला माणूस म्हणून मला ते पटत होतं. मशीन असतं तर मी डोळे झाकून जुनंच घेतलं असतं.

बायकोचं मत उलट. ती आटगावची, बोलायला तिखट. "आपलं लग्न झालं तेव्हा भांडी कोरी घेतली, गादी कोरी घेतली. आता एवढी मोठी वस्तू लोकांची उष्टी घ्यायची?"

"उष्टी काय? गाडी आहे ती."

"मंग त्या सीटवर कोण बसलं, कोण ओकलं, तुमाला काय माहीत?"

आमची ही वादावादी चालू असताना मुरबाडच्या एका एजंटने निरोप दिला. एक गाडी आहे. पांढरी, लांब डिकीची, एकहाती वापरलेली, थंडगार एसी. मालक धसईकडचा गिरणीवाला शेठ.

लग्नातली गाडी ही नव्हे, ती केव्हाच भंगारात गेली होती. ही त्यानंतरची. पण निरोप ऐकला आणि माझ्या कानशिलांत गरम झालं. आतापर्यंत मी नुसतं फाटकावरून जायचं चित्र बघत होतो. आता त्याच्या अंगणात शिरून, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याची गाडी मी बाहेर काढणार होतो. त्याहून गोड सूड कोणता? त्या रात्री एसी, स्टिअरिंग, किंमत यांचा विचारच माझ्या मनात आला नाही. बायकोला मात्र मी तेच मुद्दे सांगितले.

रविवारी आम्ही दोघं गेलो. गिरणी चालू होती, पण अंगणात पूर्वीसारख्या बैलगाड्या नव्हत्या. गावोगाव भरडाईच्या लहान घरघंट्या आल्या होत्या, भात गावाबाहेर पडेनासा झाला होता. शेठ बनियनवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

"कोणाचा तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"हां, हां. म्हणजे आपल्याच घरचा." तो बायकोकडे वळला. "यांच्या बहिणीच्या लग्नाला गाडी माझीच होती, बरं का सूनबाई. फुलंबिलं लावून काय दिसत होती."

मी म्हणालो, "आली होती. परत गेली."

"मग? गाडी ती, परत येणारच. गाय हाय का, तुमच्या दारात बांधून ठेवायला?" आणि तो मोकळेपणाने हसला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होतो. कुठे खोटेपणा सापडतो का ते शोधत होतो. सापडला नाही. त्याच्या आठवणीत गाडी फुलं लावून गेली होती आणि फुलं लावून आली होती, बस. ज्या संध्याकाळच्या रागावर मी दहा-बारा वर्षं जगलो, ती संध्याकाळ त्याच्या हिशेबात आमच्यावरचा उपकार म्हणून जमा होती.

त्याने आम्हाला गाडीत बसवलं, एसी लावला. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि तो गारवा मला आवडला, हे खोटं कशाला बोलू? बायकोसुद्धा बटण दाबून काच वरखाली करत राहिली. मागच्या काचेवर रेडियमच्या अक्षरांत गिरणीचं नाव होतं. ते आधी खरवडून काढायचं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात शेठ बाहेरून म्हणाला, "अक्षरं काढू नको हां. काच खराब होते."

दसऱ्यापर्यंत कळवतो म्हणून आम्ही निघालो. एसटीला वेळ होता, म्हणून धसईच्या नाक्यावर चहाला बसलो. चहावाला ओळखीचा, ताईच्या सासरच्या भावकीतला.

"काय भावजी, इकडं कुठं?"

"गाडी बघायला आलो होतो."

"शेठची गाडी? घ्या, घ्या. चांगली हाय." किटली खाली ठेवून तो कौतुकाने म्हणाला, "मंग काय, लांबूनच कळंल आमाला. म्हणू, शेठची गाडी आली, म्हंजे पाव्हणं आलं."

बायकोने कपावरून माझ्याकडे बघितलं. एवढंच.

आमच्याकडे हे असंच आहे. वस्तू ज्याने पहिल्यांदा आणली त्याचीच राहते, मग ती दहा हातांत फिरली तरी. विहीर खणणाऱ्याच्या नावाची, आंबा लावणाऱ्याच्या नावाचा. आमच्या खात्यातल्या एका कारकुनाने शहापुरातल्या दातांच्या डॉक्टरांची जुनी स्कूटर घेतली होती. तीन वर्षं झाली तरी लोक "डॉक्टरांची स्कूटर" म्हणत. एकदा बाजारात एका म्हातारीने ती बघून त्याला थांबवलं आणि तोंड उघडून दाढ दाखवली. आम्ही खात्यात यावर पोट धरून हसलो होतो. आता मला हसू येईना. मी पैसे मोजणार, हप्ते फेडणार, अक्षरं खरवडणार, ताईला पुढे बसवणार, आणि रस्त्यावरचं पोरगंसुद्धा म्हणणार, ताई शेठच्या गाडीतून आली. ज्या गाडीतून त्याने तिला जाऊ दिलं नाही, तिच्यातून मी तिला त्याच्याच नावाने फिरवणार. सूड माझा, आणि नाव त्याचं.

"नवी घेऊ," मी म्हणालो.

"घामाघूम व्हाल," बायको म्हणाली.

"होऊ."

दसऱ्याला कल्याणहून कोरी गाडी आणली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सीटवरचं प्लॅस्टिक काढू नका म्हणून बायकोने बजावलं. भाऊबिजेपर्यंत मी रोज कामावरून आल्यावर शहापूर ते किन्हवली असा हात बसवत होतो.

भाऊबिजेला सकाळी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, अगदी तशाच, बॉनेटवर आंब्याचे डहाळे खोवले आणि ताईकडे गेलो. तिने मला ओवाळलं, मग गाडीलाही ओवाळलं.

"हे काय रे? माझं लगीन लावतोस का पुन्हा?"

"माहेरी न्यायला आलोय. पुढं बस."

तिने आईसाठी नव्या तांदळाची गोणी काढून ठेवली होती. शिवाय भोपळे, चवळी, पापडांचा डबा. डिकी भरली, म्हणून गोणी मागच्या सीटवर आडवी टाकली आणि तिच्या बाजूला डबा. दाजी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी उद्या येतो. वाटेत काच उघडताना ताई हँडल उलटं फिरवत राहिली आणि स्वतःवरच हसली. फाटकासमोर गाडी हळू करायची, हॉर्न द्यायचा आणि म्हणायचं, "शेठ, यंदा भात कोणाच्या गिरणीत?" हे वाक्य मी आठ दिवस घोकत होतो.

शेठ फाटकात नव्हता. रस्त्यावर होता. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, एसटीची वाट बघत. गाडी येताना दिसली तसा त्याने हात केला. मी थांबलो. तो ताईच्या खिडकीशी वाकला.

"मुरबाडला सोडता का? पोरं कल्याणला, आन माझी गाडी तर आटगावच्या एकानं विकत नेली. दिवाळीचं एसटीचं काय खरं नाय."

माझं वाक्य जिभेवर होतं. पण त्याआधी ताई बोलली.

"बसा की शेठ. मागं बसा."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. शेठने मागचं दार उघडलं. "ही गोणी जरा डिकीत टाक रे पोरा."

"डिकीत जागा नाय, शेठ," ताई म्हणाली. आवाज अगदी गोड. "बसा तशेच, फटीत. मी नाय गेलती? पलंग आन कपाटाच्या मधी?"

शेठ एक पाय आत, एक बाहेर, असा थांबला. त्याने पुढे वाकून तिच्याकडे नीट बघितलं. मग बॉनेटवरच्या डहाळ्यांकडे. तेव्हा त्याला आठवलं. मी आरशात बघत होतो. आतला आरसा एवढासा, पण तेवढा पुरला.

"अगं, ते इतकं जुनं..."

"जुनं कुठं? गाडी कोरी हाय. बसा. डब्याला हात लावून ऱ्हावा, पापड मोडतील."

मागून एसटी येत नव्हती. तो बसला. गोणी एका मांडीवर, डबा दुसऱ्या बाजूला, आणि त्याने खरंच डब्याला हात लावून धरला. थोडं पुढे गेल्यावर घाम पुसत म्हणाला, "एसी नाय का याला?"

"हँडल फिरवा, शेठ," मी म्हणालो. माझ्या वाट्याला तेवढंच एक वाक्य आलं.

धसईच्या बाजारात मी गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवली. भाऊबिजेची गर्दी होती. चहावाला किटली घेऊन बाहेर आला. त्याने पुढे बसलेली ताई बघितली, मग मागे गोणीखाली दबलेला शेठ बघितला, आणि पलीकडच्या दुकानदाराला हाक मारली, "ताईची गाडी आली रे." मागे शेठ काहीतरी बोलला. बाजाराच्या गलक्यात आम्हाला ते ऐकू आलं नाही, आणि काय म्हणालात असं आम्ही विचारलंही नाही. आमच्या गावच्या फाट्यावर मी त्याला उतरवलं. मुरबाड अजून पुढे होतं.

घरी पोचल्यावर ताई बराच वेळ हसत होती, आणि मग एकदम रडली. आईला वाटलं, माहेरी आली म्हणून.

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. तिच्या शेजारी तोवर फोन आला होता, पण तिला पत्रच लागतं. सातवीपर्यंत शिकले ते वाया जाऊ नये, म्हणते. ते पत्र असं:

ती. ताईस,

तुझ्या भावाचा नमस्कार. तू दिलेला तांदूळ आई पुरवून पुरवून घालते आहे, आम्हाला वाटीभरसुद्धा दिला नाही. तिचा गुडघा आता बरा आहे. गाडी ठीक आहे. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, उतरताना पाठीला चिकटून येतं, पण तुझी वहिनी काढू देत नाही.

तू विचारलं होतंस, एवढे पैसे घालून एसी का नाही घेतला. त्याचं उत्तर तुला धसईच्या चहावाल्याने दिलंच आहे.

आता मुख्य गोष्ट. काल गिरणीचा माणूस माझ्याकडे शहापूरला आला होता. शेठच्या नातीचं लग्न आहे, मार्गशीर्षात. पोरांची मोठी गाडी आहे, पण ती त्यांनी वापरलेली घेतली आहे, म्हणे. नातीची इच्छा आहे की सासरी जायचं ते कोऱ्या गाडीतून. त्या भागात कोरी गाडी सध्या आपलीच. शेठने निरोप पाठवला आहे की डिझेल-पेट्रोल त्याचं, जेवण आणि टॉवेल-टोपी त्याची. मागचं काही मनात ठेवू नये, असंही सांगितलं आहे.

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी ताईची आहे, तिला विचारून कळवतो, असं सांगितलं. माणूस चहा पिऊन गेला.

तू म्हणशील तर देईन. नको म्हणशील तर नाही देणार. आणि तू म्हणशील तर झेंडूच्या माळा बांधून मंडपात उभी करीन आणि पाठवणीच्या वेळी परत बोलावून घेईन. निरोप काय द्यायचा तो मला पाठ आहे. त्या पोरीचा यात काही दोष नाही, हे मला कळतं. तुझाही नव्हता.

पदवीच्या कागदावर तुझं नाव नव्हतं. गाडीच्या मागच्या काचेवर अजून काही लिहिलेलं नाही. रेडियमवाल्याला सांगून ठेवलं आहे, तू इकडे आलीस की तुझ्यासमोर "ताई" एवढंच लिहून घेणार आहे.

लग्नाला महिना आहे. उत्तराची घाई करू नकोस. त्यांना जरा वाट पाहू दे.